कुंडीतला माका दिवाळीपर्यंतच का टिकतो?

परसदार, पुणे

सर्वांना नमस्कार. माझे आजोळ कुडाळ तालुक्यातले. तिथल्या घरामागे न्हाणीचे पाणी ज्या पाटाने माडांच्या मुळाशी जाई, त्या पाटाच्या दोन्ही कडांना अळूच्या सोबतीने माका बारा महिने उगवलेला असे. आजी तो कधी मुळासकट उपटत नसे. विळ्याने वरवर कापून आणी, पाट्यावर वाटी आणि घरच्या खोबरेल तेलात कढवी. तेल कढत असताना ओल्या गवतासारखा जो वास घरभर पसरे, तो आजही मी कुठेही ओळखेन. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. घर आता बंद असते. तिच्या हातचे तेल आता मिळणार नसले, तरी तिच्या पाटावरचा माका आपल्याकडे राहावा, एवढी माझी इच्छा आहे.

आजवरचे माझे दोन्ही प्रयत्न फसले आहेत. पहिल्यांदा मी येथील एका रोपवाटिकेतून ‘माका’ म्हणून रोप आणले. त्याची पाने चकचकीत, तीन टोकांची होती, फुले पिवळी धमक होती, आणि सहा महिन्यांत त्या वेलीने अर्धी गच्ची व्यापली. ते माझ्या आठवणीतले झाड नव्हे, हे मला फुले येईपर्यंत कळले नाही. दुसऱ्यांदा, गेल्या जुलैमध्ये, मी स्वतः गावी जाऊन त्या पाटाकडेची चार रोपे मातीसकट आणली. लाल माती, कोकोपीट आणि शेणखत असे नेहमीचे मिश्रण भरून ती दहा इंची कुंडीत लावली आणि इतर झाडांप्रमाणे एक दिवसाआड पाणी घातले. गणपतीत ती पांढऱ्या बारीक फुलांनी भरली होती. मात्र दिवाळीपर्यंत पाने करपून चारही रोपे वाळली. त्यांचे बी मी जपून ठेवले होते. जानेवारीत ते मेथी पेरतो तसे पेरून वर अर्धा इंच माती पसरली, परंतु एकही अंकुर आला नाही.

थोडे बी अजून शिल्लक आहे. ते संपले तर आजोळचा माका पुन्हा पावसाळ्यात जाऊनच शोधावा लागेल, आणि तोवर तो पाट राहील की नाही, याची मला खात्री वाटत नाही. माझे नेमके काय चुकले, आणि पुण्यातल्या पूर्वेकडच्या गच्चीत माका वर्षभर राखता येतो का, हे कृपया जाणकारांनी सांगावे. तेल कढवण्याचे आजीचे प्रमाणही मी कधी लिहून घेतले नव्हते. त्याविषयी कोणी लिहिले तर आभारी राहीन.

तृणपर्ण, सातारा

मी महाविद्यालयात तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, आणि माक्याच्या ओळखीतला हा घोटाळा जवळजवळ दर वर्षी पाहिला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रोपवाटिकेतून आपल्याकडे आली ती वेल स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा असावी. ती उष्ण अमेरिकेतून शोभेसाठी जगभर नेली गेली आणि पुढे जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परकीय प्रजातींच्या यादीत जाऊन बसली. तिच्या कांडीचा बोटभर तुकडाही रुजतो. त्यामुळे ती काढून टाकताना ओढ्याच्या किंवा मोकळ्या जमिनीच्या दिशेने मुळीच फेकू नका. पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात द्या. आपल्याकडे पिवळा माका म्हणून ज्याला मान आहे, तो तिचाच देशी भाऊबंद, स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेसिया. त्याची पाने लांबट असतात, त्यांना तीन टोके नसतात. नावाच्या या साधर्म्यामुळे रोपवाटिकेत एकाऐवजी दुसरे खपते. आपल्या आजींचा माका या दोन्हींहून वेगळा आहे.

तो पांढरा माका, म्हणजेच भृंगराज, एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५३ साली त्याला दुसऱ्या वंशात (जीनसमध्ये) घातले होते आणि १७७१ साली आजच्या नावाखाली आणले. जुन्या पुस्तकांत तो एक्लिप्टा आल्बा या नावाने आढळतो. संस्कृतात त्याला मार्कव असेही म्हणतात आणि आपला ‘माका’ हा शब्द त्यावरूनच आला आहे.

याचा गोंधळ सर्वाधिक होतो तो एकदांडीशी, जिला अनेक ठिकाणी दगडी पाला म्हणतात. गणपतीच्या एकवीस पत्रींत माका असतो आणि पितृपक्षातही त्याला मागणी असते. अशा दिवसांत बाजारातल्या जुड्यांमध्ये माका म्हणून एकदांडी बांधलेली मी अनेकदा पाहिली आहे. एकदांडीचे फूल लांब, उघड्या दांड्यावर एकेकटे उभे असते, मधला भाग पिवळा असतो आणि कडेच्या चार-पाच फिकट पाकळ्यांच्या टोकांना खाचा असतात. माक्याचे फूल पानांच्या बेचक्यात, आखूड देठावर, एकेकटे किंवा दोन-दोन येते. ते जेमतेम आठ-दहा मिलिमीटर रुंद आणि सगळेच पांढरे असते. झेंडू, शेवंती, सोनकी यांच्याप्रमाणे माकाही सूर्यफुलाच्या कुळातला असल्याने आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो पुष्कळ चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. दहापट दिसणारे भिंग घेऊन पाहा: कडेला पांढऱ्या दोऱ्यांसारख्या आखूड पाकळ्यांच्या दाट ओळी दिसतील, आणि मध्ये चार-चार दातांच्या नळीसारख्या फुलांची गर्दी दिसेल. मला हे फूल डोंगरावरच्या कोणत्याही सोनकीइतकेच देखणे वाटते. ते पायाशी, चिखलात उगवते, म्हणून लोकांच्या नजरेतून सुटते एवढेच.

भिंग जवळ नसेल तर आणखी सोपी खूण आहे. कोवळी कांडी तोडून दोन बोटांत चुरडा आणि थोडा वेळ थांबा. रस आधी हिरवा दिसतो, मग निळसर होतो, आणि काही मिनिटांत बोटांची टोके काळपट पडतात. एकदांडीने किंवा पिवळ्या फुलांच्या वेलीने बोटे अशी काळी होत नाहीत. केशरंजन हे त्याचे जुने नाव या रंगाशीच जोडलेले आहे.

आता बी का उगवले नाही, याकडे वळतो. एक्लिप्टा हे नाव उणेपणा दाखवणाऱ्या ग्रीक शब्दावरून आले आहे, कारण या कुळातल्या अनेक बियांच्या डोक्यावर वाऱ्यावर तरंगण्यासाठी जो केसांचा झुपका असतो, तो माक्याच्या बीला नसतो. एकदांडीचे बी वाऱ्याने उडून दगडी भिंतीच्या फटीतही पोहोचते. माक्याचे बी मात्र झाडाखालीच पडते आणि फार तर वाहत्या पाण्याने पुढे जाते, म्हणून तो खाचरांच्या बांधांवर, पाटांच्या आणि तळ्यांच्या कडांना सापडतो. ओल्या चिखलाच्या पृष्ठभागावर, उघड्या उजेडात पडून रुजायचे, अशीच या बीची घडण झालेली आहे. त्याला रुजण्यासाठी उजेड लागतो. मातीखाली अर्धा सेंटिमीटर गेले तरी ते उगवून वर येत नाही. आपण त्यावर अर्धा इंच माती घातली आणि तीही जानेवारीच्या थंडीत, म्हणून ते उगवले नाही. आपल्या बियांत दोष नाही. उरलेले बी कागदाच्या पुडीत, कोरड्या जागी ठेवले असेल, तर आशा सोडण्याचे काहीच कारण नाही.

भातखाचर, संगमेश्वर

ताई, आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपणच पहिल्या चार ओळींत लिहिले आहे. आजींच्या घरामागे न्हाणीचे पाणी रोज, उन्हाळ्यातसुद्धा, त्या पाटाने जात होते. म्हणजे माक्याच्या मुळांना वर्षातला एकही दिवस कोरडा मिळत नव्हता. तुम्ही त्याला तुळशीसारखे वागवले, एक दिवसाआड पाणी दिले आणि वरून कोकोपीटचे हलके मिश्रण दिले, जे पुण्याच्या कोरड्या वाऱ्यात दुपारपर्यंत वरचा थर सुकवून टाकते. पाऊस होता तोवर त्याचे भागले. पाऊस थांबला तसा तो बी टाकून मोकळा झाला, कारण पाणी हटले की घाईने फुलून बी सोडणे हाच या झाडाचा स्वभाव आहे.

मी विहिरीच्या पाटाखाली सुमारे अर्धा गुंठा माका गेली सहा वर्षे राखला आहे. आमच्या भागात भात लावणारे त्याला तण म्हणूनच काढतात, आणि भातात तो खरोखर तण आहे, हे मी नाकारत नाही. परंतु बेणणीत निघालेला हा ढीग वैद्यांना हवा असतो, हे कळल्यावर मी त्याला स्वतंत्र जागा दिली. त्या अनुभवावरून सांगतो.

कुंडी खोल नको, पसरट हवी. जुने प्लास्टिकचे घमेले उत्तम. त्याला तळाशी तीन-चार छिद्रे पाडावीत. त्यात दोन भाग काळी किंवा गाळाची माती आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत भरावे, आणि खाली मोठी परात ठेवून तिच्यात कायम दोन बोटे पाणी राहील असे पाहावे. माती चिकट झाली तर इतर झाडे कुजतात, माका कुजत नाही. परातीतले पाणी मात्र दर तीन-चार दिवसांनी पूर्ण बदलावे, नाहीतर डासांची पैदास होते. मी घरी न्हाणीचेच पाणी सोडतो, पण ते साबण कमी असेल तेव्हाचे.

बी पेरताना आधी माती पाण्याने चिंब करावी, चिमूटभर बी वाळूत मिसळून वर भुरभुरावे आणि तळहाताने हलके दाबावे. वर माती घालू नये. वरून झारीने पाणी दिले तर बी एका कोपऱ्यात वाहत जाते, म्हणून पाणी परातीतूनच चढू द्यावे. ऊबदार दिवस असतील तर आठवडाभरात बारीक हिरव्या टिकल्या दिसू लागतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पेरणी करू नका. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापू लागले की, किंवा पाऊस सुरू झाला की पेरावे. रोपे दोन-तीन इंचांची झाली की वितीवितीच्या अंतराने लावावीत.

यापेक्षाही भरवशाची रीत म्हणजे फांद्या रुजवणे. माक्याची खालची फांदी जमिनीवर टेकते तेव्हा तिच्या पेरांतून पांढरी मुळे फुटतात. अशी फांदी ओल्या मातीवर आडवी करून पेरावर छोटा दगड ठेवला, तर दहा-बारा दिवसांत तिला स्वतःची मुळे मिळतात आणि ती कापून वेगळी लावता येते. मूळ झाड फुलून थकण्यापूर्वी, ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच, अशा फांद्या दुसऱ्या घमेल्यात रुजवून घ्याव्यात. एकेक रोप फार जगत नाही, हे गृहीतच धरावे. पावसाळ्यातल्या रोपापासून हिवाळ्यातले आणि हिवाळ्यातल्यापासून उन्हाळ्यातले करून घेतले, की तोच माका आपल्याकडे वर्षानुवर्षे राहतो. पाटाच्या कडेला हेच आपोआप घडत होते. एक जात होता आणि शेजारी त्याचेच पेर रुजत होते, म्हणून आपल्याला तो बारमाही दिसला.

कापणीबद्दल आजींची पद्धत अगदी योग्य होती. जमिनीपासून चार बोटे ठेवून वर कापले तर खालच्या पेरांतून पुन्हा फुटवे येतात, आणि मी एका लावणीवर तीन कापण्या आरामात घेतो. फुले नुकती दिसू लागली की कापावे. बी धरल्यावर पाने जून होतात आणि रसही कमी निघतो. एका कोपऱ्यातले रोप मात्र कापू नये, बियांसाठी सोडावे. त्याच्या पाकळ्या गळल्या की हिरव्या गोल बटणासारखी चकती राहते. तिच्यावर अंगठा फिरवल्यावर कडेचे काळसर दाणे सहज सुटू लागले, म्हणजे बी तयार झाले. चकती पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर निम्मे बी खाली पडलेले असेल.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा. पूर्वेची गच्ची असल्याने आपल्याला तो आपोआप मिळेल. कोरड्या हवेत पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते, तेव्हा ती फांदी कापून टाकणे पुरेसे असते. पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळीसारख्या दिसू लागल्या, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला रोग समजून ते रोप मुळासकट काढावे आणि त्याची फांदी रुजवायला घेऊ नये.

आणखी एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या बांधावर तणनाशक फवारले गेले आणि त्याचे तुषार माझ्या वाफ्यावर आले. पाने दोन दिवसांत फिकट पडली. तो सगळा माका मी गाडून टाकला, कारण जे कोणाच्या डोक्याला लागणार किंवा पोटात जाणार, त्यात विष असता कामा नये. रस्त्याकडेचा, शेताच्या बांधावरचा किंवा गटाराजवळचा माका औषधासाठी कोणीही आणू नये, मग तो कितीही टवटवीत दिसो.

स्नेहपाक, नाशिक

मी आयुर्वेदाची चिकित्सक आहे, म्हणून फक्त तेलापुरते लिहिते; लागवडीबद्दल वर इतके उत्तम लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही.

शास्त्रातले सर्वसाधारण प्रमाण असे आहे: कल्क, म्हणजे वाटलेला गोळा, एक भाग, तेल चार भाग, आणि रस सोळा भाग. घरी पाव लिटर तेल करायचे असेल तर एक लिटर रस आणि साधारण साठ ग्रॅम वाटलेला माका लागेल. एक लिटर रसासाठी पुष्कळ पाला लागतो, म्हणून एका घमेल्याच्या भरवशावर सुरुवातीला शंभर मिलिलिटर तेलच करावे. ग्रंथांत तिळाचे तेल अधिक येते, कोकणात खोबरेल वापरतात, दोन्ही चालतात.

लोखंडी कढईत तेल, रस आणि गोळा एकत्र करून अगदी मंद आचेवर ठेवावे आणि तळाला लागू नये म्हणून सतत ढवळत राहावे. हा पाक घाईने एका दमात संपवू नये. दोन दिवसांत मिळून केला तर अधिक चांगला उतरतो. शेवटी तेलावर फेस येऊ लागतो. तेव्हा गोळ्याचा थोडा भाग बोटांत घेऊन वळून पाहावा. त्याची वात वळली गेली आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, तर पाणी पूर्ण आटले आहे असे समजावे. तडतड ऐकू आली तर आणखी थोडे कढवावे, कारण पाणी राहिलेले तेल महिनाभरात खवट होते. पाणी आटल्यावरही तसेच कढवत राहिले तर गोळा करपतो आणि तेलाला जळका वास लागतो. म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत कढईजवळून हलू नये. गरम असतानाच स्वच्छ, कोरड्या फडक्यातून गाळून काचेच्या बाटलीत भरावे.

डोक्याला लावण्यासाठी हे तेल मी निःशंकपणे देते. तथापि, गेलेले सगळे केस त्याने परत येतात, असे कोणी सांगत असेल तर ते मान्य करू नये. तसेच माक्याचा रस यकृतासाठी घरच्या घरी पिण्याचे प्रयोग वैद्याच्या सल्ल्याशिवाय करू नयेत. मात्रा आणि माणसाची प्रकृती पाहूनच तो द्यावा लागतो.

दूरदेशी, ह्यूस्टन

टेक्ससमध्येही माका आपणहून उगवतो, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. येथे लोक त्याला ‘फॉल्स डेझी’ म्हणतात. आमच्या घरामागे पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी जो उथळ चर आहे, त्याच्या काठाला तो मला प्रथम दिसला. वर लिहिल्याप्रमाणे कांडी चुरडून पाहिली आणि बोटे काळी पडली, तेव्हा मला फार आनंद झाला. थंडीत गोठण पडले की तो मरतो आणि ऊन तापल्यावर त्याच चरात बियांपासून पुन्हा उगवतो. मी काही रोपे टबात लावली आहेत. खालून पाणी चढवण्याची रीत येथील कडक उन्हाळ्यातही चालते, हा माझा अनुभव आहे.

परसदार, पुणे

सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि बारकाईने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर द्यायला मुद्दामच महिनाभर थांबले, कारण काही करून पाहिल्यावरच लिहावे असे वाटले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात घमेले भरले, उरलेल्या बियांपैकी निम्मे वाळूत मिसळून वर भुरभुरले आणि तळहाताने दाबले. सहा दिवस काहीच दिसले नाही. सातव्या दिवशी सकाळी तिरप्या उन्हात मातीवर खसखशीएवढ्या हिरव्या टिकल्या दिसल्या, संध्याकाळपर्यंत मी त्यांतल्या एकोणतीस मोजल्या. आज त्यांतली बावीस रोपे चांगली तरली आहेत. काल एक रोप दाटीमुळे काढावे लागले. ते टाकण्यापूर्वी बोटांत चुरडले, आणि नखांच्या कडेला तोच काळपट रंग उतरला जो आजीच्या बोटांना कायम असे. लहानपणी आम्हाला तो चुलीच्या काजळीचा वाटायचा.

पिवळ्या फुलांची वेल वाळवून टाकली. उरलेले निम्मे बी पावसाळ्यासाठी पुडीत ठेवले आहे. एकच विचारायचे राहिले: रोपे सरळ उंच वाढत आहेत, त्यांना फांद्या फुटाव्यात म्हणून शेंडा खुडावा का, आणि खुडायचा तर कधी?

भातखाचर, संगमेश्वर

पानांच्या चार जोड्या पूर्ण उघडल्या की वरचा शेंडा नखाने खुडावा, त्याआधी नको. खुडलेला शेंडा फेकू नका. पेराचा भाग ओल्या मातीला टेकेल असा कडेलाच खोचून ठेवा, तोही रुजेल.